कागदावरचा लिटर, रस्त्यावरचा लिटर

१९३६च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ‘२६० डी’ ही गाडी मांडली. तोवर डिझेल इंजिन जहाजांत, कारखान्यांत आणि मालट्रकांत धडधडत होतं. मोठ्या संख्येने बनवून विकलेली पहिली डिझेल प्रवासी मोटार म्हणून या गाडीचं नाव घेतलं जातं. हानोमागनेही त्याच प्रदर्शनात आपली डिझेल गाडी दाखवली होती. २६० डीबद्दल लिहिताना एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. तिच्या सुरुवातीच्या दीड-पावणेदोनशे गाड्या ‘लँडॉलेट’ घाटाच्या होत्या, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पक्कं छप्पर आणि मागे बसणाऱ्या उतारूंवर दुमडता येणारा कापडी टप. डिझेल मोटारीचा इतिहास असा अर्ध्या उघड्या छपराखाली सुरू झाला, आणि त्या गाड्या शौकिनांच्या नव्हत्या, टॅक्सीवाल्यांच्या होत्या. अडीच लिटरचं ४५ अश्वशक्तीचं ते इंजिन शंभर किलोमीटरला सुमारे ९ लिटर डिझेल घेई. त्याच ताकदीच्या पेट्रोल गाडीला सुमारे १३ लिटर लागत, आणि पेट्रोल महागही होतं. गाडीला वेग नव्हता, आवाज मोठा होता, तरी दिवसभर शहरात फिरणाऱ्या माणसाला हिशेब लगेच पटला. पुढे साठ-सत्तर वर्षांनी युरोपात उघड्या टपाच्या डिझेल गाड्या पुन्हा आल्या. त्या नोकरीसाठी रोज अप-डाउन करणाऱ्यांच्या होत्या, आणि त्यांच्या माहितीपत्रकांवर छापलेलं ॲव्हरेज रस्त्यावर क्वचितच कुणाच्या हाती लागलं. या दोन टोकांच्या मध्ये काय बिघडलं, याचं माझं उत्तर असं आहे: डिझेलची काटकसर खरी होती, पण ती टॅक्सीची काटकसर होती. कराच्या नियमांनी आणि प्रयोगशाळेतल्या चाचणीने ती कीर्ती टॅक्सीवरून उचलून खाजगी मोटारीला चिकटवली, आणि या उसनवारीत आकडा रस्त्यापासून सुटत गेला. किती सुटला हे उघड्या टपाच्या गाडीवर सगळ्यात स्पष्ट दिसतं, कारण वजन आणि वारा या तिच्या दोन्ही खास गोष्टींकडे त्या चाचणीने धडपणे पाहिलंच नाही.

डिझेल कुठे वाचवतं, हे आधी नीट पाहायला हवं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये चाचणीला उभं राहिलं तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी चतुर्थांशाहून थोडी जास्त त्याने कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे ही मजल फार मोठी होती. हवा खूप दाबायची, ती तापली की तिच्यात तेल फवारायचं, ठिणगीची गरज नाही, हे त्यामागचं तत्त्व. पण मोटारीच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक दुसराच आहे. पेट्रोल इंजिनाला कमी ताकद हवी असली की येणारी हवाच थ्रॉटलने कोंडावी लागते आणि त्या कोंडमाऱ्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. डिझेलला ताकद कमी करायला हवा कोंडावी लागत नाही. हवा पूर्ण घ्यायची, तेल मात्र लागेल तेवढंच फवारायचं. म्हणून गाडी सिग्नलला नुसती चालू उभी असते, हळू सरकते, निम्म्या ताकदीवर धावते, तेव्हा डिझेल पेट्रोलला सर्वाधिक मागे टाकतं. टॅक्सीचा दिवस नेमका असाच जातो. एकदा सकाळी इंजिन तापलं की रात्रीपर्यंत ते थंड होत नाही, वेग फारसा नसतो आणि थांबणं भरपूर असतं. बॉशने १९२७पासून इंधन फवारणीचे पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतल्यावर हे इंजिन मोटारीत मावेल इतकं लहान झालं, आणि जिथे गाडीच्या चाकावर पोट होतं तिथे ते आधी पोचलं. युद्धानंतर जर्मनीत मर्सिडीजच्या डिझेल टॅक्सी आल्या. लंडनची ओळख बनलेली ऑस्टिनची ‘एफएक्स ४’ टॅक्सी १९५८ साली निघाली ती डिझेलवरच.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी खरा धागा इथेच जुळतो. प्यूजोच्या ज्या डिझेल इंजिनांवर फ्रान्समधल्या टॅक्सी आणि गावाकडच्या मोटारी चालत, त्याच घराण्यातलं ‘एक्सडीपी ४.९०’ हे २,११२ सीसीचं इंजिन १९८०च्या दशकात महिंद्राने इगतपुरीच्या कारखान्यात बनवलं आणि आपल्या जीपांत बसवलं. कापडी हूडची, बाजूने उघडी अशी ती जीप पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’च्या, म्हणजे खाजगी उतारू-वाहतुकीच्या, धंद्यात रुळली. उघड्या टपाची डिझेल गाडी, रोज ठरलेल्या वाटेवर ये-जा करणारे उतारू, आणि प्रत्येक लिटरचा हिशेब ठेवणारा चालक: २६० डीच्या लँडॉलेटचं काम ती इकडच्या मातीत करत होती. या धंद्यात ॲव्हरेज म्हणजे कुणी प्रमाणपत्रावर लिहून दिलेला आकडा नव्हता. टाकी फुल करायची, किलोमीटर पाहून ठेवायचे, पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. ‘सरासरी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इंधनाच्या हिशेबापुरताच पक्का झाला, हे मला अर्थपूर्ण वाटतं. एका भरणीवरून दुसऱ्या भरणीपर्यंत घाट, चिखल, गर्दी, उतार हे सगळं त्या भागाकारात आपोआप येतं, आणि म्हणूनच तो आकडा खोटं बोलू शकत नाही.

आता लिटरबद्दल. पंपावर आपण इंधन आकारमानाने घेतो, पण गाडी चालते ती इंधनातल्या ऊर्जेवर. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं आणि त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे दहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा भरलेली असते. ते जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइडही त्याच प्रमाणात जास्त असतो, लिटरमागे साधारण २.६ किलो, पेट्रोलचा २.३च्या आसपास. म्हणजे दोन गाड्यांची तुलना लिटरमध्ये केली की डिझेलला शर्यत सुरू होण्याआधीच काही पावलांची सवलत मिळते. टॅक्सीवाल्याला याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला लिटर विकत घ्यायचा होता, त्यामुळे लिटर हेच त्याचं योग्य माप होतं. पण सरकारांनी हवेची काळजी म्हणून डिझेलला उत्तेजन द्यायला सुरुवात केली तेव्हा हे माप बदलायला हवं होतं. कर कार्बनच्या ग्रॅमवर बसला खरा, तरी जाहिरात, मासिकातलं परीक्षण आणि शेजाऱ्याचा सल्ला लिटरमध्येच चालू राहिला. त्यात युरोपची आणि आपली रीत उलटसुलट आहे. ते शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, आपण लिटरला किती किलोमीटर असं. आपल्या रीतीत एक फसवी जागा आहे. १०वरून १२ किलोमीटरवर गेलेली गाडी शंभर किलोमीटरमागे जवळजवळ पावणेदोन लिटर वाचवते, तर २०वरून २४वर गेलेली पाऊण लिटरच्या जरा वर. आकड्यात दुसरी उडी दुप्पट दिसते आणि बचत निम्मीच असते. खूप ॲव्हरेज देणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत शेवटचे दोन-तीन किलोमीटर जाहिरातीला जेवढे उपयोगी पडतात तेवढे खिशाला पडत नाहीत.

कागदावरच्या आकड्याचा जन्म इंधनाच्या काळजीतून झालाच नाही. युरोपीय समुदायाने १९७० साली शहरी वाहतुकीची नक्कल करणारं एक चाचणी-चक्र ठरवलं ते धुरासाठी, एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं ते मोजायला. गाडी रोलरवर उभी करायची आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवायचा, धरायचा, थांबायचं. १९७३च्या तेलसंकटानंतर इंधन मोजणं निकडीचं झालं, आणि १९८०च्या निर्देशाने तीन आकडे छापायला लावले: शहरी चक्रातला, ताशी ९० किलोमीटरच्या स्थिर वेगाचा आणि ताशी १२०चा. जर्मन लोक या तिन्हींची सरासरी काढून बोलत. मला ही जुनी रीत नंतरच्या रीतीपेक्षा प्रामाणिक वाटते. तिन्ही आकडे वास्तवापासून दूरच होते, पण ते तीन होते. आपला रस्ता यांतल्या कशासारखा आहे, हे वाचणाऱ्याने स्वतः ठरवायचं होतं. १२०चा आकडा ९०च्या आकड्यापेक्षा किती फुगतो, हे समोर छापलेलं दिसे आणि वाऱ्याची किंमत तिथल्या तिथे कळे. १९९३च्या निर्देशाने हे तिन्ही आकडे मोडीत काढले. शहरी चक्राला शहराबाहेरचा एक तुकडा जोडला गेला आणि दोन्ही मिळून एक ‘एकत्रित’ आकडा आला. ही चाचणी ११८० सेकंदांची, सुमारे ११ किलोमीटरची, ताशी ३३-३४ किलोमीटर सरासरी वेगाची. तिच्या शहरी भागात थांबलेली गाडी ५०च्या वेगावर यायला २६ सेकंद घेते; इतक्या सावकाश निघणाऱ्या गाडीमागे कुठल्याही शहरात हॉर्न वाजू लागतील. आणि ताशी १२०चा वेग संपूर्ण चाचणीत राहतो फक्त दहा सेकंद.

या दहा सेकंदांवर थांबायला हवं, कारण उघड्या टपाच्या गाडीचा सगळा प्रश्न त्यांत आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९०वरून १३०वर गेलं की तो दुपटीहून थोडा जास्त होतो, आणि १३० हा जर्मन ऑटोबानवर १९७८पासून शिफारस केलेला वेग आहे, मर्यादा नव्हे. टप मिटलेला असताना गाडीवरून हवा बऱ्यापैकी सरळ वाहून जाते. टप उघडला की पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा बैठकीच्या पोकळीत कोसळते, तिथे घुमते आणि गाडीला मागे ओढत राहते. ३०-४०च्या वेगाला हे जाणवण्याइतकंही नसतं. १२०-१३०ला टाकीत दिसतं. प्रयोगशाळेच्या खोलीत मात्र वारा नसतोच. गाडीला हवेचा विरोध किती, हे आधी मोकळ्या धावपट्टीवर गाडी वेगात नेऊन, गिअर काढून, ती आपोआप किती वेळात मंदावते त्यावरून ठरवतात आणि तेवढा भार रोलरला देतात. ती धाव खिडक्या बंद ठेवून होते. म्हणजे जी गाडी केवळ उघडता येते म्हणून विकत घेतली जाते, तिचं ॲव्हरेज ती बंद धरून आणि वाऱ्याच्या वेगात दहा सेकंद नेऊन काढलं जाई. वजनाचंही असंच होतं. छप्पर कापलं की गाडीचा सांगाडा ढिला पडतो. तो ताठ ठेवायला तळाला आणि काचेच्या चौकटीला जादा पोलाद घालावं लागतं. पत्र्याचं दुमडणारं छप्पर असेल तर विजेच्या मोटर, बिजागऱ्या आणि पंप त्यात आणखी भर घालतात. पण चाचणीत वजन मोजायचं ते टप्प्यांनी. १,३०५ ते १,४२० किलोमधली कोणतीही गाडी १,३६० किलोची धरायची, १,४२० ते १,५३० किलोमधली १,४७०ची. कंपनीने वजन टप्प्याच्या सीमेच्या किंचित आत बसवलं की पुढचे पन्नास-साठ किलो कागदावरून नाहीसे होत. अप-डाउनच्या रस्त्यावर, जिथे दर सिग्नलला ते वजन नव्याने हलवावं लागतं, ते नाहीसे होत नाहीत.

१९९०च्या दशकाच्या मध्याला ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्यात बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या गोल्फ कॅब्रिओलेटला ९० अश्वशक्तीचं १.९ टीडीआय डिझेल इंजिन मिळालं, आणि दहा-बारा वर्षांत जवळजवळ प्रत्येक युरोपीय कंपनीच्या यादीत डिझेल कॅब्रिओ, म्हणजे उघड्या टपाची डिझेल गाडी, आली: प्यूजोच्या ‘३०७ सीसी’पासून बीएमडब्ल्यूच्या ‘३२० डी’पर्यंत. २०११ साली मर्सिडीजने आपल्या दोन आसनी ‘एसएलके’लाही डिझेल दिलं. इंजिनांची सुधारणा हे याचं एक कारण. अल्फा रोमिओने १९९७ साली कॉमन-रेल फवारणी आणली आणि डिझेलची धडधड बरीचशी मवाळ झाली; त्याआधी टप उघडा ठेवून डिझेलचा आवाज ऐकत जाणं कोण पत्करणार? पण मोठं कारण कराचं आहे. ब्रिटनने एप्रिल २००२पासून कंपनीने दिलेल्या गाडीवरचा कर तिच्या कार्बनच्या आकड्याला बांधला. फ्रान्समध्ये पंपावर डिझेल कित्येक वर्षं स्वस्त राखलेलं होतं. २००८ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ७७ टक्के डिझेल होत्या. सगळ्या पश्चिम युरोपात १९९०ला हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आत होतं, २०११पर्यंत ते अर्ध्याच्या वर गेलं. कर रस्त्यावरच्या धुरावर नव्हता, चाचणीच्या कागदावर होता, आणि त्या कागदावरच्या प्रत्येक ग्रॅमची किंमत आता युरोत मोजली जात होती. पूर्वी चुकीचा आकडा ही ग्राहकाची गैरसोय होती. आता लहान आकडा हा कमावण्याचा माल झाला.

हा आकडा खाजगी नोकरदाराच्या खिशाशी कसा जुळत होता, ते जर्मन नियमांवर तपासून पाहण्यासारखं आहे. तिथे पेट्रोलवर लिटरमागे ६५.४५ सेंट ऊर्जाकर आणि डिझेलवर ४७.०४ सेंट, फरक १८.४१ सेंट, विक्रीकरासह सुमारे २२. उलट वार्षिक वाहनकरात, २००९च्या नियमांनुसार, दर १०० सीसीला पेट्रोलला २ युरो आणि डिझेलला साडेनऊ. म्हणजे दोन लिटरच्या डिझेल गाडीला वर्षाला १५० युरो जास्त. आता एक नोकरदार घेऊ, घर ते कचेरी २५ किलोमीटर, वर्षाला २२० दिवस: ११,००० किलोमीटर. शंभरला ६ लिटर धरले तर त्याला ६६० लिटर डिझेल लागेल आणि करातल्या फरकाने सुमारे १४५ युरो वाचतील. वाहनकराने घेतलेले १५० त्यातून निघतसुद्धा नाहीत. राहतो तो फायदा कमी लिटर जळण्याचा, आणि तो गाडी विकत घेताना डिझेलसाठी मोजलेल्या जादा किमतीतून हळूहळू वजा करायचा. २५ किलोमीटरचं अप-डाउन म्हणजे लहान नव्हे. तरीही डिझेलचा हिशेब इथे जेमतेम उभा राहतो. दुप्पट-तिप्पट अंतर कापणाऱ्यालाच तो भक्कम वाटतो, म्हणजे पुन्हा ज्याचं वापराचं गणित टॅक्सीसारखं आहे त्यालाच. एवढं अंतर कापणाऱ्यांत मोठा वाटा कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांचा होता, आणि त्यांच्यापैकी अनेकांना इंधनाचं कार्ड कंपनीच देई. जर्मनीत अशा गाडीचा वैयक्तिक वापर किमतीच्या महिना एक टक्क्याने आणि कचेरीच्या अंतराने करपात्र होतो. किती लिटर जाळले याने त्यात फरक पडत नाही. लिटर वाचवण्याची कीर्ती असलेलं इंजिन अशा कितीतरी हातांत गेलं ज्यांना लिटरचे पैसे द्यायचेच नव्हते.

अप-डाउनचं एक वैशिष्ट्य अजून सांगायला हवं. सकाळी थंड इंजिन, पंधरा-वीस किलोमीटर, दिवसभर उभी गाडी, संध्याकाळी पुन्हा थंड इंजिन. डिझेल उष्णता कमी वाया घालवतं म्हणून ते तापतंही सावकाश. तोवर तेल घट्ट असतं आणि घर्षण जास्त. चाचणीतही इंजिन थंडच सुरू करत, पण ती थंडी २० ते ३० अंशांची. जर्मनीत वर्षाची सरासरी दहा अंशांच्या आसपास असते. २५ अंशांना ‘थंड’ म्हणणं पुण्याच्या हिवाळी दुपारी शेकोटी पेटवण्यासारखं आहे. त्यात २००९नंतरच्या युरो-५ मानकाने डिझेलला काजळी अडवणारी गाळणी अपरिहार्य केली. ती भरली की साठलेली काजळी जाळून काढायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि त्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. लांब रस्त्यावर हे काम नकळत होऊन जातं. छोट्या फेऱ्यांत ते अर्धवट तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ही गाळणी हवी होती, त्याबद्दल शंका नाही. पण तिचा खर्च सगळ्यात जास्त कुणाला पडला? थोडं अंतर चालवणाऱ्या डिझेल मालकाला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की चाचणी भाकितासाठी नव्हतीच, दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी होती. सगळ्यांचे आकडे सारखेच फुगलेले असतील तर बिघडलं काय? फुगारा सगळ्यांचा सारखा असता तर हा आक्षेप मी मान्य केला असता. तो तसा नव्हता. आयसीसीटी या संस्थेने अनेक देशांतल्या प्रत्यक्ष भरण्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा करून पाहिलं. त्यांत जर्मनीतल्या सामान्य चालकांनी लिहून ठेवलेल्या टाकी-ते-टाकी नोंदी होत्या आणि कंपन्यांच्या इंधनकार्डांचे हिशेबही. २००१ साली कागद आणि रस्ता यांत सुमारे ९ टक्क्यांचा फरक होता. २०१५ साली तो सुमारे ४२ टक्के झाला. कंपनीच्या गाड्यांत तो खाजगी गाड्यांपेक्षा मोठा होता. फरक असा बदलत असेल तर दहा वर्षं जुन्या गाडीची नव्या गाडीशी तुलना निरर्थक होते, आणि सामान्य माणसाला नेमकी तीच करायची असते: माझी जुनी विकून ही घेतली तर किती वाचेल? २०११ची गोल्फ कॅब्रिओलेट १.६ टीडीआय कागदावर शंभरला ४.४ लिटर घेई, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला पावणेतेवीस. चाळीस टक्क्यांचा फरक तिला लावला तर सव्वासहा लिटरच्या जरा आत, लिटरला सोळा. वरच्या नोकरदाराला वर्षाला सुमारे १९० लिटरचा घाटा; आणि टप उघडा ठेवून धावण्याचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही.

दुसरा आक्षेप चालकाच्या पायावर बोट ठेवतो. लोक जोरात चालवतात, एसी लावतात, टप उघडतात, आणि मग कागदाला दोष देतात. यात थोडं तथ्य आहे. जड पाय दहा-पंधरा टक्के सहज खातो. पण चौदा वर्षांत सगळ्या युरोपाचे पाय साडेचारपट जड झाले, असं कोण म्हणेल? त्या काळात रस्ते तेच होते, वेगमर्यादा बहुतेक त्याच होत्या, चाचणीही तीच होती. बदललं ते चाचणीला गाडी नेण्याचं कसब. टायरांत हवा जास्तीत जास्त भरून, पत्र्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवून, बॅटरी काठोकाठ भरून गाडी धावपट्टीवर आणि रोलरवर नेता येई. मोजलेल्या आकड्याहून चार टक्के कमी जाहीर करण्याची मुभा होतीच. यातलं बरंचसं नियमात बसत होतं. आणि टपाबद्दल म्हणाल, तर कॅब्रिओचा मालक टप उघडतो ही त्याची चैन मानून हिशेबाबाहेर ठेवणं मला पटत नाही. ट्रकवाला माल भरतो म्हणून त्याचं ॲव्हरेज रिकाम्या ट्रकवर मोजायचं का?

नियमात बसत होतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनचं नायट्रोजन ऑक्साइडचं प्रकरण अमेरिकेत उघडकीला आल्यावर सगळी चर्चा फसवणुकीभोवती फिरली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारा प्रोग्राम होता, आणि ती फसवणूक निःसंशय होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितलं की सुमारे आठ लाख गाड्यांच्या कार्बन-आकड्यांतही गडबड असावी. डिसेंबरात हिशेब आवरून ती यादी नऊ प्रकारांवर आणि वर्षाला सुमारे ३६ हजार गाड्यांवर आली. त्या नवांत एक होती गोल्फ कॅब्रिओलेट, दोन लिटर डिझेलची. आकड्यातली चूक किती? शंभर किलोमीटरला ०.१ ते ०.२ लिटर. नियमाबाहेरचे दोन दशांश लिटर जगभर गाजले. नियमाच्या आतले दीड-दोन लिटर वर्षानुवर्षं लोक मुकाट भरत होते. मला या इतिहासातली सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. नियमानेच ज्याला जागा करून दिली त्याचा बोभाटा होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला मी पूर्ण जागा देतो. एवढं सगळं धरूनही डिझेल कॅब्रिओ तेवढ्याच ताकदीच्या पेट्रोल कॅब्रिओपेक्षा कमी लिटर जाळत होती. लांब पल्ल्यावर तर निश्चित. नवी जागतिक चाचणी २०१७पासून लागू झाली. ती १८०० सेकंदांची, सव्वातेवीस किलोमीटरची, सरासरी ताशी साडेसेहेचाळीसची आहे, आणि तीत वजन टप्प्यांनी न मोजता खरं मोजतात. २०२१पासून नव्या गाड्यांना जळलेलं इंधन स्वतः नोंदवणारी यंत्रणाही आवश्यक झाली. तिच्यातून आलेली माहिती युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये मांडली तेव्हा पेट्रोल गाड्यांचा रस्त्यावरचा खर्च कागदापेक्षा २३.७ टक्के जास्त निघाला आणि डिझेलचा १८.१ टक्के. म्हणजे कागदाच्या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा कमी खोटं ठरलं. हे मान्य करूनच मी म्हणतो की इंजिनावर माझा आरोप नाही. टॅक्सीच्या आणि जीपच्या चालकांनी त्याची परीक्षा घेतली होती आणि ते तिला उतरलं होतं. प्रश्न त्याच्या नावावर लाखो थंड, लहान, एकट्या माणसाच्या फेऱ्या खपवण्याचा होता, आणि शहरांच्या हवेने त्याचे पैसे वेगळे भरले.

भारतातल्या गाड्यांची चाचणी ज्या चक्रावर होत आली तेही त्याच युरोपीय चक्राचं धाकटं भावंड. फक्त त्याचा सर्वोच्च वेग १२०ऐवजी ९०वर कापलेला. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या संस्थेचं नाव जाहिरातींतल्या मायलेजला चिकटलं ते या चाचणीमुळे. तिथे १२०चे ते दहा सेकंदही राहिले नाहीत, आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या वाऱ्याचा हिशेब त्या आकड्यात शोधून सापडणार नाही.

युरोपात डिझेल कॅब्रिओ आता जवळजवळ संपल्या आहेत. फोक्सवॅगनची ‘इऑस’ २०१५ला थांबली, गोल्फ कॅब्रिओलेट २०१६ला. ज्या थोड्या गाड्यांत इंधन नोंदवणारी नवी यंत्रणा आहे, त्यांची टाकी-ते-टाकी नोंद आता चालकाच्या वहीऐवजी गाडीच्या पोटातच होते आणि ब्रुसेल्सपर्यंत पोचते. किती डिझेल जळलं आणि किती अंतर कापलं, हे त्या नोंदीत असतं. त्या अंतरात टप उघडा होता की मिटलेला, याचा रकाना तिच्यात नाही.